वर्डमध्ये ६४वा कॉलम बसेना, मेसचं हजेरीपत्रक अडलंय

नमस्कार मंडळी. नागपुरात नंदनवनला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या गल्लीत पोरांची मेस आहे, तिथल्या काकांचं महिन्याचं हजेरीपत्रक मी वर्डमध्ये करून देतो. आधी अनुक्रमांक आणि नाव, मग दर तारखेला दोन खाने, सकाळ-संध्याकाळ. जूनचं झकास झालं. जुलैचं करायला बसलो तर शेवटचा कॉलम काही केल्या घेईना. नवीन टेबल काढून ६४ आकडा टाकला तर म्हणतं, १ ते ६३ मधला द्या. फाइल खराब झाली समजून दोन तास डोकं फोडून राहिलो होतो. मग हिशेब केला: तीस दुणे साठ आणि दोन, बासष्ट. एकतीस दुणे बासष्ट आणि दोन, चौसष्ट. एका कॉलमसाठी अडलो बाप्पा!

एक्सेल सांगू नका. पोरं महिन्याच्या मधातच येतात-जातात, नावं काका स्वतः बदलतात, आणि त्यांना वर्डशिवाय काही जमत नाही. ३१ तारखेचं वेगळं टेबल बाजूला चिकटवून पाहिलं, ओळी खालीवर होतात. काही जुगाड?

संत्राबर्फी: ६३ ही वर्डची पक्की हद्द आहे, कुठल्या सेटिंगने वाढत नाही. पण तुला एकच कमी पडतोय ना? अनुक्रमांकाचा कॉलम उडव आणि नावांनाच नंबरिंग लाव. बरोबर ६३.

धागाकर्ता: बसलं! पण प्रिंट काढली आणि हसू आलं. आडव्या ए-४ वर नावाला ४ सेंमी सोडले की एका खान्याला ४ मिमीसुद्धा उरत नाही. तारखांखालचे ‘स’ आणि ‘सं’ तर गायबच.

तर्रीवाला: गायब होणारच. वर्ड प्रत्येक खान्यात डावी-उजवीकडे ०.१९ सेंमी जागा आपसूक सोडतं, म्हणजे तुझा खाना त्यातच संपला. टेबल प्रॉपर्टीज, ऑप्शन्समध्ये जाऊन ती शून्य करता येते. पण काका पेनाने बरोबरची खूण करणार कुठे? त्यापेक्षा टेबल उभं वाढव. प्रत्येक पोराला दोन ओळी, वर सकाळ, खाली संध्याकाळ, नाव दोन्ही ओळी मर्ज करून. क्रमांक, नाव, वेळ आणि ३१ तारखा, झाले ३४. खाना ७ मिमीच्या आसपास येईल. पानं वाढतील, म्हणून वरच्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ (Repeat Header Rows) लाव, म्हणजे ती दर पानावर येईल. आणि सकाळच्या ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ द्यायला विसरू नको, नाहीतर एखाद्याची सकाळ या पानावर आणि संध्याकाळ पुढच्या.

धागाकर्ता: जमलं भाऊ, धन्यवाद. नाव बदलताना आता काही हलत नाही. काकांनी प्रिंट पाहिली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “संध्याकाळची ओळ थोडी राखाडी कर ना, नजर चुकून राहिली.” तेवढं शेडिंग टाकून दिलं.