अनुभव धागा: बर्नआउटमधून सावरताना काय सोडून दिलंत, काय नाही?

कामाने पिळून निघालेल्या आणि आता हळूहळू सावरणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींशी कसं जमवून घेतलंत, ते लिहा. 'मन खंबीर ठेवा' छाप प्रतिसाद कृपया नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ मध्ये (आजारांच्या जागतिक वर्गीकरणात) बर्नआउटची जी व्याख्या केली, तीही नोकरीतला सततचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था अशीच आहे. तिथे ना आजार म्हटलंय, ना मनाचा कमकुवतपणा.

आयटी, हिंजवडी
प्रॉडक्शन सपोर्टला होतो. रात्री अमेरिकेचे कॉल, सकाळी टीमची स्टँडअप मीटिंग. शेवटी बिनपगारी रजा घेतली. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घेतलं, कारण थकव्याचं मूळ तिथेही असू शकतं. रिपोर्ट नॉर्मल. मग मी माझ्याच बरं होण्याचा प्रोजेक्ट चालवायला घेतला. एक्सेल शीट: झोप, चालणं, मूड. हिरवे रकाने, लाल रकाने. लाल दिसला की दिवस संपला! समुपदेशक बाईंनी एवढंच विचारलं, "ही शीट कुणाला सबमिट करायची आहे?" हसू आलं, आणि मग बराच वेळ बोलताच येईना. बॉस, क्लायंट, रिलीजची तारीख आपल्या हातात नाही हे तसं लवकर पटतं हो. आपलं शरीर कधी भरून येणार तेही हातात नाही, हे पचायला फार वेळ गेला. शीट अजून लॅपटॉपवर आहे, भरत नाही.

जि. प. शिक्षिका, सातारा जिल्हा
आमच्याकडे शिकवणं सोडून सगळं अर्जंट असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं आम्हाला देता येतात, त्यामुळे बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) म्हणून मतदार यादीचं काम टाळता येत नाही. त्यावर चिडणं मी थांबवलं. पण रात्री दहाला ग्रुपवर "माहिती तात्काळ भरा" आलं, तर ती माहिती शाळेच्या वेळेतच भरली जाते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा छातीत धडधडत होतं. झालं काहीच नाही.

न्यू जर्सी
एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस, म्हणून 'राजीनामा दे आणि आराम कर' हा सल्ला आमच्या कामाचा नाही. ग्रीन कार्डाला दर देशामागे ७ टक्क्यांची मर्यादा, तेव्हा भारतीयांची रांग कधी सरकेल ते विचारूच नका. दर महिन्याला रांग कुठवर आली ते सांगणारं व्हिसा बुलेटिन बघायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं. एफएमएलए या इथल्या रजेच्या कायद्याखाली १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते, नोकरी राहते. डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊन ती घेतली. आईला मात्र 'वर्क फ्रॉम होम' सांगितलंय.

स्टाफ नर्स, मुंबई
वर सगळे 'स्वीकार, स्वीकार' म्हणताहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. पेशंट गेला की घरी येऊन तासन् तास मीच कुठे कमी पडले ते शोधायचे. ते सोडलं. सगळं करूनही काही पेशंट जातात, हे मान्य केलं. पण नाइटला अख्ख्या वॉर्डात एकटी नर्स, हे मी का मान्य करू? ते कुणीतरी ठरवलंय, म्हणजे ते बदलताही येतं. मेट्रनकडे लेखी दिलं. आमच्याकडे स्वीकाराचं व्याख्यान देणारेच ड्युटी लावतात, हेही सांगून ठेवते.

धागाकर्ती
शंभर टक्के सहमत. आणि कुणाला अगदीच असह्य होत असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आयटी, हिंजवडी
@स्टाफ नर्स, पत्राला उत्तर आलं का?

स्टाफ नर्स, मुंबई
नाही. दुसरं दिलंय. या वेळी आवक क्रमांक घेतला.