मांजरांची नसबंदी आणि "निसर्ग सांभाळतो"वाले

माडाखालची: काल इथे एका काकांनी लिहिलं की मांजरांची ऑपरेशनं हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचं खूळ, कोकणात निसर्ग आपोआप संख्या सांभाळतो, आणि ऑपरेशन केलं तर उंदीर कोण धरणार. डोकंच फिरलं. निसर्ग कसा सांभाळतो ते बघायचंय? आमच्या बंदरावर या, गोणीत घालून सोडलेली पिल्लं असतात, डोळे चिपडांनी बंद, अंगावर मुंग्या. "कोळणी घालतील मासे" म्हणून सोडायची, आणि जून-जुलैत मासेमारीची बंदी लागून होड्या वर आल्या की तिथे माशाचं डोकंसुद्धा मिळत नाही कुणाला. मांजरी चार-पाच महिन्यांची होत नाही तोच माजावर येते, दोन महिन्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते. करा हिशोब. आणि "एकदा तरी विऊ दे" म्हणणाऱ्यांनो, त्याने तिचं काही भलं होत नाही, उलट लवकर ऑपरेशन झालं तर पुढे आचळांत गाठी व्हायचा धोका बराच कमी होतो. उंदीर तर ती नंतरही मारते, शिकार काय गर्भाशयात असते?

खळ्यातलो: ते काका म्हणजे मीच. ताई, भाताच्या कणगीत उंदीर शिरले, लेप्टोच्या तापाची साथ आली की तुझो डॉक्टर येतलो काय उंदीर पकडूक? आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मांजरं आहेत, ऑपरेशन एकाचंही नाही, तरी कधी चार-पाचाच्या वर गेली नाहीत.

माडाखालची: का गेली नाहीत ते पण लिहा की काका. कुत्री, बिबट्या, हायवे.

घाटीवरचा: मूळ दुखणं कोणी बोलत नाही. चाकरमानी! मे महिन्यात येणार, पोरं पिल्लांना नावं ठेवणार, पाकिटातलं खाणं घालून सवय लावणार, आणि गाडी सुटली की घराला कुलूप. मग ती म्यांव म्यांव आमच्या पडवीत.

डोंबिवलीकर: आलं का चाकरमान्यांवर! गणपतीत आम्ही आलो नाही तर वाडीत आरतीला माणूस नसतं. देवळाच्या पत्र्याला वर्गणी कोणी दिली? तेव्हा गोड लागतो चाकरमानी.

घाटीवरचा: वर्गणी दिली म्हणजे मांजरं टाकायचं लायसन मिळालं काय? आणि वर्गणीचं म्हणाल तर पावती दाखवा आधी.

डोंबिवलीकर: पावती तुमच्या चुलत्याकडे आहे, त्यांनाच विचारा हिशोब. बोलायला लावू नका.

सुकटवाली: अरे मांजर राहिली बाजूला! माझं ऐका, आमच्या शेजारच्या वहिनींनी ऑपरेशन नको म्हणून माज थांबवायचं इंजेक्शन देववलं, दोन-तीनदा. मांजरीच्या पोटात पू झाला, शेवटी गर्भाशय काढावंच लागलं आणि तेही मरायला टेकल्यावर. त्यापेक्षा आधीच केलेलं काय वाईट होतं?

खळ्यातलो: बरं, मानलं. पण करायचं कुठे? आमच्या दवाखान्यात गाय-म्हैस-शेळी बघतात, मांजर नेली की हसतात. शहरात न्यायची तर एसटीत पिशवीतनं ओरडणार आणि कंडक्टर मला उतरवणार. आणि नुसतं बोक्याचं ऑपरेशन केलं तर?

माडाखालची: बोक्याचं सोपं आणि स्वस्त, मुतून घाण करणं, मारामाऱ्या कमी होतात. पण मांजरी तशीच ठेवली तर पलीकडच्या वाडीतला बोका आहेच, एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणून आधी मांजरी. पिशवी नको, झाकणाची टोपली घ्या, वरून कापड टाका, अंधारात गप्प बसते.

डोंबिवलीकर: खर्च मी देतो काकांच्या मांजरीचा. पावती मात्र घेणार.

खळ्यातलो: द्या बापडे, नाही कोण म्हणतो? पण धरणार कोण? ती माझ्या आईशिवाय कुणाच्या हाताला लागत नाही, आणि आई म्हणते मुक्या जिवाला कापू देणार नाही.

सुकटवाली: आईंशी मी बोलते. तुम्ही फक्त डॉक्टर सांगतील तितका वेळ तिला उपाशी ठेवा आणि सुकटीचा डबा वर टांगा.