कण्याचं शिक्षण, मनाचे उपचार: एकाच पाटीवर चालेल का?

शंकासुर:
हल्ली बऱ्याच कायरोप्रॅक्टरांच्या (हाताने मणके दाबून, हलवून उपचार करणाऱ्यांच्या) परिचयात एकच कथा असते. आधी मणक्यांवर काम केलं, मग दुखण्याचं मूळ मनात असल्याचा साक्षात्कार झाला, आता 'शरीर-मन समग्र उपचार'. साक्षात्काराबद्दल तक्रार नाही, पाटीबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत कायरोप्रॅक्टिकच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास, म्हणजे चार वर्षं, सांगितलेत. शरीररचना, निदान, क्ष-किरण, पेशंटवर देखरेखीखाली सराव, सगळं त्यात आलं. मनासाठी मात्र अनेकदा दोन-चार शनिवार-रविवारची कार्यशाळा. नावाआधीचा 'डॉ.' दोन्हीकडे तोच! कुठल्या सल्ल्यामागे चार वर्षं आणि कुठल्यामागे दोन रविवार, हे पेशंटने ओळखायचं कसं?

निवांत:
असहमत. जुनी कंबरदुखी नुसती हाडांची नसतेच. झोप, भीती, कामाचा ताण, सगळं त्यात मिसळलेलं असतं. जॉर्ज एंगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ मध्येच म्हटलं होतं की आजार शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या शिफारशींत जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम, योग, माइंडफुलनेस (मन वर्तमान क्षणावर ठेवण्याचा सराव) आणि मणक्यांची हाताळणी एकाच यादीत आहेत. मग कायरोप्रॅक्टर तिकडे वळला तर बिघडलं कुठे?

शंकासुर:
यादी एक आहे, पण ती सगळी एकाच माणसाने करावी असं तिथे कुठे लिहिलंय?

जुनं_खोड:
तुम्ही दोघंही याला 'वळण' म्हणताय. अहो, ही तर घरवापसी! या पद्धतीचे जनक डी. डी. पामर आधी चुंबकीय उपचार करायचे. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेलं, असा त्यांचा दावा. पुढे मणक्यातून वाहणारी 'उपजत प्रज्ञा', म्हणजे शरीराला आतून बरं करणारी शक्ती, ही कल्पना आली. मोजमाप, क्ष-किरण, परवाना परीक्षा हे सगळं नंतरचं. त्यामुळे समग्र उपचारांची ओढ या धंद्याच्या रक्तातच आहे. मला भीती तीच वाटते.

मानमोडे:
अनुभव सांगतो. तीन महिने मान धरली होती. कायरोप्रॅक्टरने अर्धा तास फक्त प्रश्न विचारले: झोप कशी, उशी कशी, काळजी कसली. इतकं ऐकून घेणारं आधी कुणी भेटलं नव्हतं, आणि मान सुटलीही. (ती आपोआप सुटली असती का, देव जाणे.) कट्कन आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्या प्रामाणिकपणावर मी खूश. सहाव्या भेटीत मात्र म्हणाले, दाबलेला राग मानेत साठलाय, रक्तदाबाच्या गोळ्यांची गरज उरणार नाही.

निवांत:
गोळ्या थांबवल्या नाहीत ना?

मानमोडे:
नाही. जाणं थांबवलं.

निवांत:
बरं केलंत. तो सल्ला चूकच, त्याचं समर्थन नाही. पण पहिला अर्धा तास मी सोडणार नाही. तो ४,२०० तासांत कुणी शिकवला असेल असं वाटत नाही.

शंकासुर:
अर्धा तास मान्य. त्याला 'उपचार' म्हणू नका, विचारपूस म्हणा. आणि त्याची वेगळी फी लावू नका.