योसेफाच्या विक्रीबरोबर आमोसाचा उतारा का वाचतात?

प्रश्न (कोथरूडकर): गेल्या हिवाळ्यात एका बेने इस्राएल (महाराष्ट्रातील ज्यू समाजातील) मित्रासोबत रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिवाराच्या) प्रार्थनेला बसण्याचा योग आला. त्या आठवड्याच्या पाराशात, म्हणजे तोरातील ठरलेल्या वाचनभागात, योसेफाला त्याच्या भावांनी वीस रुप्यांना विकल्याची कथा होती आणि त्यानंतर आमोस संदेष्ट्याचा उतारा वाचला गेला. मित्राने मराठी बायबल उघडून दिले. पण त्या उताऱ्यात योसेफाचे नावही आढळले नाही, होती ती इस्राएलातील धनिकांची खरडपट्टी. मग या दोहोंची सांगड कशी घातली गेली?

उत्तर (पाराशा-वाचक): आपण आमोस 2:6 पुन्हा पाहावे. नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला पायतणाच्या एका जोडासाठी विकतात, असा तिथे आरोप आहे. आमोस आपल्या काळातील, म्हणजे इ.स.पू. 8व्या शतकातील, अन्यायाविषयी बोलत होता. परंतु रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, कानांना ‘रुप्यासाठी विकलेला नीतिमान’ हे शब्द योसेफाचेच वाटले. ‘पिर्के दे-रब्बी एलिएझर’ हा मिद्राश (बायबलच्या कथांवरील रब्बींचा भाष्यग्रंथ) तर असे सांगतो की, दहा भावांनी दोन-दोन नाणी वाटून घेऊन त्यांची पायतणे विकत घेतली. (विक्रीनंतर थोरला भाऊ रऊबेन योसेफाला टाकलेल्या खड्ड्याशी परत येतो, असे मूळ कथेत आहे, तेव्हा त्याने आपला वाटा कसा घेतला, हे मला अजून उलगडलेले नाही.) हाफताराची, म्हणजे पाराशानंतर वाचायच्या संदेष्ट्यांच्या उताऱ्याची, निवड हीच मुळी एक टीका असते, फक्त ती टीपेच्या रूपात लिहिलेली नसते.

उत्तर (जुनी पोथी): आपल्याला आमोस ऐकायला मिळाला, यात नवल नाही. हा पाराशा क्वचितच हनुक्काच्या (ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या) शब्बाथला येतो आणि तेव्हाच आमोसाऐवजी जखऱ्याचा दीपस्तंभाचा दृष्टान्त वाचतात. याच कथेचा पुढचा भाग, म्हणजे योसेफाचा भाऊ यहूदा धाकट्या बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो तो पाराशा, यहेज्केल 37 बरोबर येतो. तिथे संदेष्टा यहूदा आणि योसेफ यांच्या नावांच्या दोन काठ्या हातात जोडून एक करतो. विक्रीची कल्पना मुळात यहूदाचीच होती, हे ध्यानात ठेवून तो उतारा वाचावा.

उत्तर (कसबेकर): सगळेच हाफतारा असे मेळ घालणारे नाहीत. याकोब आणि एसाव या जुळ्या भावांच्या जन्माच्या पाराशाला मलाखीचा ‘याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला’ हा उतारा लावलेला आहे, तर कथेत पुढे एसाव धावत येऊन भावाला मिठी मारतो. सेफेर तोरात (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत) ‘त्याचे चुंबन घेतले’ या शब्दावर ठिपके असतात. त्यांचा अर्थ लावताना रब्बींतही एकमत झाले नाही; चुंबन मनापासून होते, असे एकाचे म्हणणे, तर तो चावायलाच आला होता, असे दुसऱ्याचे. लेखनिक आजही हातपोथी लिहिताना ते ठिपके तसेच उतरवून घेतात.