सव्वाने गुणण्याआधी नळीत काय होतं ते बघा
फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूरच्या जुन्या तापमान-मापातला आकडा सव्वाने गुणला की सेल्सियस झाला, असं सांगितलं जातं. हिशेब बरोबर आहे (बर्फ ०, उकळतं पाणी ८०), पण तो नंतरच्या, पारा भरलेल्या तापमापकांचा. १७३० च्या सुमारास रेओमूरने स्वतः जो बनवला त्यात पारा नव्हता, पाणी मिसळलेलं अल्कोहोल होतं. गोठणबिंदूला १००० भाग असलेला द्रव तापून १०८० भाग झाला, म्हणून ८०. आता अल्कोहोल काही पाऱ्यासारखं एकसारखं प्रसरण पावत नाही, शिवाय पाण्याच्या आधीच उकळतं. त्यामुळे मधले आकडे सरकतात. जुन्या नोंदीत '२५ अंश रेओमूर' दिसलं आणि थेट ३१.२५ लिहून मोकळं झालं, तर दशांशाला काही अर्थ उरत नाही.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दलील (Delisle) याच्या तापमान-मापाचा विषय मात्र कुणी काढतच नाही. तिथे सगळं उलटं, उकळताना ० आणि गोठताना १५०. आकड्याचे दोन तृतीयांश १०० मधून वजा केले की सेल्सियस. मी सूत्र तपासायला नेमके ६० घेतले आणि उत्तरही ६० आलं! तासभर चूक शोधत बसलो. दोन्ही मापं तिथेच एकमेकांना भेटतात, हे मागाहून लक्षात आलं.