अंदाजपत्रकात रोटा आणि आयव्हीएल दोन्ही: एकाच रुग्णाला दोन्ही लागतात का?

ऐरोलीकर
माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना मधुमेह आहे. ठाण्यातील एका रुग्णालयात केलेल्या अँजिओग्राफीत एलएडी धमनीत (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत) कॅल्शियमचा कठीण अडथळा आढळला आणि उजवी धमनी पूर्णपणे बंद असल्याचे दिसले. उपचाराच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात स्टेंटखेरीज रोटाब्लेटर, आयव्हीएल बलून, मायक्रोकॅथेटर आणि आयव्हस अशी नावे आहेत. हे सर्व खरोखर लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कॅथलॅब तंत्रज्ञ, वाशी
ही उपकरणे एकमेकांना पर्याय नसून प्रत्येकाचे काम वेगळे आहे. कॅल्शियम कठीण असेल तर साधा बलून पूर्ण फुगत नाही, आणि तशाच जागी बसवलेला स्टेंट अर्धवट उघडा राहून पुढे त्यात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून स्टेंटच्या आधी जागा तयार करावी लागते. रोटामध्ये हिऱ्याचे कण बसवलेले सूक्ष्म टोक मिनिटाला साधारण दीड लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि आतल्या पृष्ठभागावरचे कॅल्शियम घासून काढते. आयव्हीएलची पद्धत मूतखडा फोडण्याच्या तंत्रावरून आली: बलून फक्त ४ ॲटमॉस्फिअर दाबाने फुगवून त्यातील विद्युत ठिणग्यांनी दाबलहरी निर्माण करतात आणि त्या भिंतीत खोलवर असलेल्या कॅल्शियमला तडे पाडतात. मात्र तो बलून अडथळ्यापर्यंत पोहोचलाच नाही तर काहीच होत नाही. अशा वेळी आधी रोटाने वाट करून मग आयव्हीएल वापरतात, म्हणूनच कदाचित दोन्ही नावे लिहिली असावीत. आयव्हस, म्हणजे धमनीच्या आतून केलेली सोनोग्राफी, मात्र वगळू नका. कॅल्शियम धमनीच्या किती भागाला वेढून आहे हे त्यावरून नीट कळते आणि उपकरणाची निवड त्यानंतर होते. मायक्रोकॅथेटर, म्हणजे अगदी बारीक नळी, उजव्या धमनीसाठी असावा. अडथळ्यातून आधी सरकवायच्या जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीच्या तारेला तो आधार देतो आणि तार बदलताना मिळवलेली जागा सुटू देत नाही.

नेरूळचा डॉक्टर
वरील माहिती योग्य आहे, परंतु त्याआधीचा एक प्रश्न राहून गेला. मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांवरील फ्रीडम चाचणीत (२०१२) स्टेंटच्या तुलनेत बायपासनंतर मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके कमी आढळले, पक्षाघाताचे प्रमाण मात्र काहीसे अधिक होते. तेव्हा शल्यचिकित्सकाचे मत घेतले आहे का? शिवाय उजवी धमनी तीन महिन्यांहून अधिक काळ पूर्ण बंद असेल तर तिला सीटीओ म्हणतात. ती उघडण्याचा अनुभव प्रत्येक केंद्रात सारखा नसतो. संबंधित डॉक्टर अशा किती केसेस करतात, हे संकोच न करता विचारा.

ऐरोलीकर
शल्यचिकित्सकाचे मत घेतलेले नाही. वडील छाती उघडण्याच्या नावानेच घाबरतात. खर्चाचे काय? स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे ना?

कॅथलॅब तंत्रज्ञ, वाशी
आहे, फेब्रुवारी २०१७ पासून. पण तो आदेश स्टेंटपुरता आहे, त्यामुळे रोटा आणि आयव्हीएलचे पैसे वेगळे लावले जातात. एखादे उपकरण उघडलेच नाही तर त्याची रक्कम बिलात येणार नाही, असे लेखी मागा. अँजिओची सीडीही मागून घ्या, कारण दुसऱ्या डॉक्टरांना अहवालापेक्षा ती अधिक उपयोगी पडते.