घराबाहेर चार्जिंग: डिकीतल्या वायरींचे किस्से येऊ द्या

इलेक्ट्रिक गाडी घेतली की सुरुवातीला जो तो रेंजबद्दल बोलतो. मग एकदा मुक्कामाला जायची वेळ येते आणि कळतं, खरा घोळ वायरींचा आहे. माझंच सांगतो. दोनशे किलोमीटर गाडी मारून रात्री पोचलो. चार्जर आहे ना, हे आधीच फोनवर विचारून घेतलेलं. चार्जर होताही, पण त्याला वायरच नव्हती! झाकण उचललं तर आत नुसतं टाइप-२ चं, म्हणजे एसी चार्जिंगच्या नेहमीच्या प्लगचं, सात भोकांचं सॉकेट. डीसी फास्ट चार्जरला जाडजूड वायर कायमची लटकलेली असते, तशी इथेही असणार असं मी धरून चाललो होतो. हळू भरणाऱ्या एसीच्या चार्जरला बऱ्याचदा ती आपली आपण आणायची असते. माझी होती घरी, भिंतीवर, छान गुंडाळून टांगलेली.

म्हणून हा धागा. जवळ काय ठेवता, कुठे फसलात, काय उगाच घेतलंत? जाहिरात नको, अनुभव लिहा.

निशाचर

मी वायर नेली होती, तरी फसलो. चार्जर ७.४ किलोवॅटचा, गाडीही तेवढं घेते, पण स्क्रीनवरचा आकडा साडेचारच्या पुढे सरकेना. चार्जरवाल्यांना फोन लावून तावातावाने भांडलो. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "साहेब, वायरीवर काय लिहिलंय?" २० अँपिअर. टाइप-२ च्या प्लगमध्ये एक चिमुकला रेझिस्टर असतो. ६८० ओहमचा असेल तर वायर २० अँपिअरची, २२० चा असेल तर ३२ ची. चार्जर तो वाचतो आणि त्याच्या वर जात नाही. २३० गुणिले २० करून बघा, माझं उत्तर स्क्रीनवर होतंच. सॉरी म्हणून फोन ठेवला.

गजगामिनी

माझं उलटं. "घ्यायची तर मोठीच" म्हणून ३२ अँपिअर, थ्री फेज, २२ किलोवॅटची वायर घेतली. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (एसीचं डीसी करून बॅटरी भरणारा) मात्र सिंगल फेजचा, ७.४ च्या वर घेतच नाही. म्हणजे दोन जाड तारा मी नुसत्याच वाहत होते. वर थंडीत ते धूड असं आखडतं की वेटोळं सोडवता सोडवता हात भरून यावेत. शेवटी ती देऊन टाकली आणि सिंगल फेजची सात मीटरची घेतली. लांबीत मात्र काटकसर नको. आधीची पाच मीटरची होती तेव्हा गाडीच्या चार्जिंग पोर्टपर्यंत पोचवायला दोनदा गाडी उलटी लावावी लागली होती, मागे हॉर्नचा गजर चालू असताना.

पाहुणी

आत्याकडे गेलो होतो. साध्या सॉकेटला लावायची पोर्टेबल वायर असते ना, मध्ये डबा असलेली? आम्ही त्याला वीट म्हणतो. वीट लावली की लाल दिवा, चार्जिंग बंद. दुसरं सॉकेट, तिसरं, तेच. वायरमनने सॉकेट उघडलं तर समोर तीन भोकं आणि मागे तारा दोनच. अर्थिंगचं भोक निव्वळ शोभेला!

भावोजी म्हणाले, न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडणारं पिटुकलं अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते लाव, दिवा विझतो. विझतो, खरंय. पण त्याने अर्थिंग येत नाही, आहे असं विटेला भासतं. फेज-न्यूट्रलची अदलाबदल असेल किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर करंट थेट गाडीच्या पत्र्यावर. आणि सकाळी दाराला पहिला हात लावणार होती आत्या. भावोजींना ठाम नाही म्हटलं. मागच्या पंपाच्या सॉकेटला नीट अर्थिंग निघालं, रात्रभर तिथे गाडी उभी केली.

दोनदा पोळलेला

साध्या सॉकेटवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॅट. तीस युनिट भरायला तेरा तास लागतात. इस्त्री-गीझर थोडा वेळ चालून थांबतात, गाडी सबंध रात्र त्याच जोराने ओढत राहते. हे मला माहीत होतं, तरी सॉकेट लांब म्हणून रिळाची एक्स्टेंशन लावली आणि लागेल तेवढीच वायर सोडली. पहाटे वासाने जाग आली. रिळावरची आतली वेटोळी एकमेकांना चिकटलेली. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता जाणार कुठे?

दुसऱ्या वेळी एक्स्टेंशन नव्हती, पण सॉकेट ढिलं होतं. पिनच्या भोकाभोवती तपकिरी कडं पडलं होतं, आणि प्लग ओढला तर पिनेबरोबर वितळलेल्या प्लॅस्टिकची तार लांबत आली, गरम डिंकासारखी.

आता अर्ध्या तासाने प्लगला उलटा हात लावून बघतो. ठेवता येत नसेल तर चार्जिंग बंद. नुसता गरम लागला तर १० अँपिअरचे ७ करतो, उष्णता वर्गाने घटते म्हणून साधारण निम्मी होते. ६ च्या खाली मात्र उतरता येत नाही, गाडी-चार्जरच्या बोलणीत तोच तळ आहे.

धागाकर्ता

उलट्या हाताचं लक्षात ठेवलं. रीळ आजच डिकीतून काढतो.

अडकित्ता

चार्जिंग झालं, वायर निघेना. मी ओढतोय, बायको ओढतेय. दोन्ही टोकांना खिळीचं कुलूप असतं हेच ठाऊक नव्हतं. गाडी अनलॉक केल्यावर गाडीकडचं सुटलं, अ‍ॅपवर सेशन संपवल्यावर चार्जरकडचं. खिळी खरोखरच अडकली तर बऱ्याच गाड्यांत डिकीच्या अस्तरामागे एक दोरी असते. मॅन्युअलमध्ये पान शोधून ठेवा, अंधारात सापडत नाही.

जुनी गाडी

माझी टाइप-१ आणि चाडेमोवाली, म्हणजे एसीचा प्लग जुना आणि डीसीचा चाडेमो. टाइप-१ चं टाइप-२ शी जमतं, तिथे अ‍ॅडॉप्टर म्हणजे फक्त तारांची जुळणी. तेच सीसीएस (हल्लीचा डीसी प्लग) आणि चाडेमोचं असेल म्हणून शोधत बसलो. पण चाडेमो गाडीशी कॅन नावाच्या भाषेत बोलतं आणि सीसीएस पॉवरलाइन नावाच्या वेगळ्याच, म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या पोटात दुभाषा बसवावा लागतो. म्हणून तो डबा मोठा, महाग, आणि त्याचंही सॉफ्टवेअर अपडेट करत बसा. मी नाद सोडला. एसीवर रात्रभर लावतो आणि सकाळी निघतो.

धागाकर्ता

परवा पुन्हा तिथेच मुक्काम आहे. वायर डिकीत टाकली. गजगामिनी, तुमचं वाचून टेप घेऊन खाली गेलो होतो. पाच मीटर, आणि पोर्ट मागच्या उजव्या चाकावर. हॉर्नचा गजर बहुतेक माझ्याही वाट्याला आहे.